चौदा-ब, टॅनर्स लेन

ग्रिम्झबीला उतरलो तेव्हा वारा मीठ चोळत होता.
मी आणि ओवेन, महसूल खात्याची दोन माणसं,
बगलेत फाइल, फाइलमध्ये एक पत्ता:
चौदा-ब, टॅनर्स लेन. इथे म्हणे
अकराशे सहा कंपन्या राहतात.

खाली लाँड्री, कायमची बंद. बाजूनं जिना.
जिन्याला एकच घंटा, तीही मुकी.

दार उघडलं बेरिल टॅस्करनं,
वय एक्याऐंशी, हातात अर्धा सोललेला बटाटा.
"कंपन्या ना? या. बाथटबमध्ये आहेत."

खरंच होत्या.
न फोडलेली पाकिटं, काठोकाठ,
नळाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, ओल लागू नये म्हणून.
ॲम्बर हेरॉन पार्टनर्स, नॉर्थलाइट होल्डिंग्ज,
नावं अशी, की रंगाच्या डब्यांवरून उतरवली असावीत.
"सहा वर्षं ओल्या फडक्यानं अंग पुसते मी," ती म्हणाली,
तक्रार म्हणून नाही,
हवामान सांगावं तसं.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण म्हणतो.
इथे तर मुरायची जागाच कोरडी.
पैसा इथून नुसता नाव लावून जातो:
दुपारी सायप्रस, रात्री एखादं बेट
जिथे कोळ्यांपेक्षा वकील जास्त,
आणि पहाटे लंडनमधल्या कुणाच्या तरी तळघरात
पोहण्याच्या तलावातून न्हाऊन वर येतो.
त्या बेटाला आम्ही तीन पत्रं लिहिली.
बेटानं पोच दिली.
कागद फार सुंदर होता.

संचालक: क्लिफर्ड टॅस्कर. सगळीकडे तोच.
जाऊन नऊ वर्षं झालेला.
मी सहीचा कागद पुढे केला.
ओवेन पुटपुटला, हळू.
मला वाटलं होतं, ती म्हणेल खोटी आहे,
मेलेल्याच्या नावावर कुणीतरी गिरवलेली,
आणि माझी केस एका वाक्यात उभी राहील.

तिनं चष्मा शोधला.
आडव्या रेघेवर बोट ठेवलं.
"आइसलँडच्या पाण्यात दोरखंडानं त्याची दोन बोटं नेली.
पेन असं धरायचा तो." सुरी तशी धरून दाखवली.
"म्हणून रेघ खाली घसरते.
त्याचीच आहे."

मग सावकाश आठवत गेलं:
शेवटच्या हिवाळ्यात यायचा तो कोटातला पोरगा,
कोऱ्या कागदांचे गठ्ठे, सहीला दीड पौंड.
क्लिफ सांगायचा, डार्ट्समध्ये जिंकलो.
त्यातून हा गालिचा आला
आणि त्याच्याच शवपेटीला पितळी कड्या.

माझ्या भाषेत कर म्हणजे हात.
कर म्हणजे देणं. कर म्हणजे हुकूमही.
ओवेनला हे सांगायला इंग्रजीत जागा नव्हती.
मी नोंद केली: सही अस्सल.

बेरिल उठली. बिस्किटांच्या डब्यातून
रबर लावलेल्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या.
"त्या पैशांवर आम्ही काही भरलं नाही. किती होतो?"
ओवेन खिडकीबाहेर बघू लागला.
मी आकडेमोड केली. खरोखर केली,
सतरा वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला
कुणी आपणहून विचारला नव्हता.
सूट वजा जाता शून्य आलं.
तिला पटेना.
"नीट बघा बाई," म्हणाली, "घाई करू नका."

मी पुन्हा पाहिलं. शून्यच.

खाली दाराची झडप वाजली.
ती पायऱ्या मोजत उतरली, मोजत चढली,
पाकीट माझ्या हातात दिलं.
मी फोडलं: कंपनी कालची.
संचालक तोच.

"टब भरलाय," बेरिल म्हणाली,
आणि बटाटा पुन्हा हातात घेतला.
"हे तुम्हीच घेऊन जा."